अच्युतच्या नावाचे पाणी

“सर, आमचं गोत्र कोणतं हो?”

मिहिरने हे विचारले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. मेणवलीच्या घाटावर, पाण्यापासून चौथ्या पायरीवर आम्ही दोघे बसलो होतो. त्याच्या डोक्यावरचे केस उतरवलेले होते, मिशीही उतरवलेली होती. कमरेला ओले धोतर आणि खांद्यावर वेशभूषेच्या पेटीतले जानवे. एकच दृश्य नऊ वेळा चित्रित होऊन गेले होते आणि नऊही वेळा दिग्दर्शिका शाल्मलीबाईंनी कॅमेऱ्यामागून शांतपणे “पुन्हा” एवढेच म्हटले होते. आता चहासाठी म्हणून थोडी उसंत मिळाली होती.

“भारद्वाज,” मी म्हणालो.

त्याने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या वेळी महाप्राण आणि जोडाक्षर दोन्ही अगदी स्वच्छ उतरले. मला समाधान वाटले. छत्तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले, पण आपले गोत्र स्वतः होऊन विचारणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. हा प्रश्न त्याला आताच का पडला, हे मात्र मी विचारले नाही.

मिहिर हा माझ्या मित्राचा, अच्युत नेवासकरचा एकुलता एक मुलगा. अच्युत वाईच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. गाड्या लावणे, सोडणे आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांची घोषणा करणे हे त्याचे काम. मी पाठशाळेत मोठमोठ्या वैदिकांची पारायणे ऐकलेली आहेत, तरी सांगतो, अच्युतच्या वाणीसारखी वाणी मी थोड्याच ठिकाणी ऐकली. “महाबळेश्वर, मेढामार्गे सातारा,” हे शब्द तो असे उच्चारी की वाटे, ही गावे नुकतीच कोणीतरी घासून पुसून मांडली आहेत. एकही जोडाक्षर तो गिळत नसे. घरीसुद्धा त्याच्या बोलण्याला तीच लय होती. ती त्याने लावून घेतलेली नव्हती. तो तसाच होता.

मुलाला बापाची वाणी मिळाली नाही, पण कान मिळाला. आठवीत असताना मी एक श्लोक म्हणून दाखवला की मिहिर तो जसाच्या तसा परत म्हणे, मध्येच मला आलेल्या खोकल्यासकट. वर्ग हसे, मीही हसे. पुढे तो अभियांत्रिकी शिकायला पुण्याला गेला, ते शिक्षण अर्धवट सोडले आणि रंगमंचावर एकट्याने उभे राहून, हातात माइक धरून लोकांना हसवू लागला. त्या प्रकाराला स्टँड-अप म्हणतात, हे मला त्यानेच सांगितले. त्याचा गाजलेला प्रवेश बापावरच होता. घरातल्या गोष्टी बाप बसस्थानकाच्या घोषणेसारख्या कशा सांगतो, हे तो करून दाखवी.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळी सात वाजता सुटणारी मिहिरची अंघोळ, बंबाला ढलपी न मिळाल्याने, साडेसात वाजता सुटेल. दहावीचा निकाल फलाट क्रमांक तीनवर लागलेला असून, चिरंजीव थेट घरी न येता फलटणमार्गे येत आहेत.”

अच्युतच्या कानावर हे आले तेव्हा एकदा फिरायला गेलो असताना तो मला म्हणाला, “टोके, तू संमेलनासाठी पुण्याला चाललायस ना? जाता जाता त्याचं ते बघून ये. मला काही कळायचं नाही त्यातलं.”

माझे आडनाव टोकेकर. शाळेपासून तो मला टोके म्हणे.

मी गेलो. एका उपाहारगृहाच्या माडीवर चाळीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. तासाभराचा कार्यक्रम झाला. परत आल्यावर अच्युतने विचारले, “काय करतो?”

“तुझं नाव घेत नाही. प्रेमानंच करतो. निरुपद्रवी आहे सगळं.”

“लोक हसतात?”

“हसतात.”

“आणि तू?”

“मी कसा हसेन?” मी म्हणालो.

चार महिन्यांनी तो प्रवेश ध्वनिचित्रफीत होऊन घरोघरच्या मोबाइलवर पोचला. त्यात शेवटी एक तुकडा मिहिरच्या आईवर होता. शालनवहिनी त्याच्या दोन वर्षे आधी, पंचावन्नाव्या वर्षी, अचानक गेल्या होत्या. मिहिर सांगे, “आई गेली तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. नातेवाइकांना वाटलं, आता हे फोडतील हंबरडा. बाबा म्हणाले, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सौभाग्यवती शालन नेवासकर यांची गाडी नियोजित वेळेपूर्वी सुटलेली आहे. मागे राहिलेल्या प्रवाशांनी पुढील गाडीची वाट पाहावी. दारात गर्दी करू नये.”

लोक क्षणभर स्तब्ध होत आणि मग छप्पर उडेल असे हसत.

अच्युतने ते कोणाच्या तरी फोनवर एकदाच पाहिले. “ते घरातलं होतं,” एवढेच तो म्हणाला. पुढे बसस्थानकावर कॉलेजची पोरे त्याच्या खिडकीशी फोन धरून उभी राहू लागली. “काका, ते गाडी वेळेआधी सुटलीवालं म्हणा ना एकदा.” आठ दिवस त्याने ते सोसले. नवव्या दिवशी वरिष्ठांकडे जाऊन, आता घोषणा दुसऱ्या कोणाला द्या, मला टेबलाचे काम द्या, अशी त्याने विनंती केली. तिथून तो निवृत्त झाला. घरीही त्याचे बोलणे कमी होत गेले, जणू आपलेच शब्द त्याला परक्याचे वाटू लागले होते. मिहिर फोन करी. अच्युत फोन कानाला लावी, ऐकून घेई आणि ठेवून देई. अशी सहा वर्षे गेली.

त्या सहा वर्षांत मिहिर पडद्यावर आला. आधी मालिकांत, मग चित्रपटांत. नायकाचा मित्र, चिखलात पडणारा, बायकोला घाबरणारा. मग शाल्मलीबाईंनी त्याला पहिली गंभीर भूमिका दिली. बापाशी आयुष्यभर न बोललेला मुलगा बापाच्या दहाव्याला नदीवर तिलांजली देतो, हे त्या चित्रपटाचे शेवटचे दृश्य. त्याचे चित्रीकरण मेणवलीला होणार होते, आणि मंत्र शिकवायला मिहिरनेच माझे नाव सुचवले.

मी होकार दिला, पण अटी घातल्या. तिलांजली देताना मृताचे गोत्र आणि नाव उच्चारावे लागते, नावाला जोडून ‘प्रेत’ हा शब्द येतो, आणि मी दिलेले हे तिळाचे पाणी तुला पोचो, असे म्हणायचे असते. ही अक्षरे जिवंत माणसाच्या नावाला लागता कामा नयेत, असे मी शाल्मलीबाईंना बजावले. त्यांनी चित्रपटातल्या बापाचे नाव सदाशिव ठेवले होते. मी चौकशी केली, तर प्रकाशयोजनेच्या मंडळींत सदाशिव जगदाळे नावाचे एक गृहस्थ निघाले. “सर, मला काही फरक पडत नाही, माझ्या बायकोनं तर रोज शंभरदा मारलंय मला,” असे ते म्हणाले, तरी मी ऐकले नाही. शेवटी हरिनाथ हे नाव ठरले. साऱ्या युनिटमध्ये हरिनाथ कोणी नव्हता. मिहिरचे वडील हयात असल्याने त्याने क्षौर करू नये, डोक्याला टोप लावावा, हेही मी सुचवले होते. ते त्याने मानले नाही. “कॅमेरा जवळ येतो, सर. टोप कळतो.”

चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी फिरताना मी अच्युतकडे विषय काढला.

“उद्या मेणवलीला येतोस का?”

“तिथं काय आहे?”

“मिहिरचं चित्रीकरण आहे. तो तिळोदक देतो बापाला.”

“कोणत्या बापाला?”

“चित्रपटातल्या. हरिनाथ म्हणून आहे.”

अच्युत चार पावले पुढे गेला. मग म्हणाला, “चला, त्या बापाशी तरी बोलतोय.” आणि हसला. किती दिवसांनी तो हसला होता! मी धीर करून म्हणालो, “अच्युत, पोरगा खंतावलाय रे. मंत्र म्हणताना तीन वेळा मला विचारलं, बाबा कसे आहेत. तुम्ही दोघे एकदा समोरासमोर आलात, तर पुढचं आपोआप होईल.”

“येतो,” तो म्हणाला. “पण त्याला सांगायचं नाही. मी वर लोकांत उभा राहीन. बघून वाटलं, तर पायऱ्या उतरेन. नाही वाटलं, तर तसाच घरी जाईन. आणि टोके, तू मध्ये हात धरून ओढायचं नाही.”

मी शब्द दिला. सकाळी आठ वाजता, वरच्या दोरखंडाबाहेर बघ्यांच्या गर्दीत, पांढरा इस्त्रीचा सदरा घालून अच्युत उभा होता. हातात स्टीलचा डबा होता. त्याने स्वतः खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. डबा पाहिला आणि माझी खात्री झाली की हा पायऱ्या उतरणार.

पहिल्या नऊ वेळांत चूक मंत्राची नव्हती. मिहिर हरिनाथचे नाव घेई, ओंजळीतून पाणी सोडी, सगळे यथासांग. पण डोळे कोरडे.

“मिहिर, तू पाठ म्हणतोयस,” शाल्मलीबाई म्हणाल्या. “ग्लिसरीन लावू या का?”

“नको. मी आलो की लोक हसायलाच बसतात. खोटं पाणी लगेच ओळखतील.”

त्या चहाच्या वेळेत तो माझ्याशेजारी येऊन बसला. पायाच्या अंगठ्याने पायरीवरचे शेवाळ खरवडत म्हणाला, “सर, माझी पंचाईत काय झालीय सांगू? दुःखाची कुठलीही गोष्ट मनात आणली, की तिच्यातला विनोद तिच्या आधी येऊन उभा राहतो. दहा वर्षं हेच केलंय ना. आता दाराला कडी लावली तरी तो खिडकीतून येतो.”

“थोडा श्वास घे. अर्थाकडे लक्ष दे.”

“अर्थाकडेच देतोय. हरिनाथ कोण, मला माहीत नाही. त्याला पाणी पोचलं काय आणि न पोचलं काय.” मग त्याने तो गोत्राचा प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिले.

दहाव्या वेळी तो पाण्यात गुडघाभर उतरला. कॅमेरा अगदी जवळ आणला होता. त्याने जानवे उजव्या खांद्यावर घेऊन अपसव्य केले, ओंजळ भरली, तीळ घेतले. डोळे मिटले. त्याचा आवाज आधीपेक्षा हळू होता, आणि तो त्याचा आवाजच नव्हता. प्रत्येक जोडाक्षर सुटे, घासून पुसून ठेवल्यासारखे. “भारद्वाजगोत्र,” तो म्हणाला, “अच्युतप्रेत.”

पुढचे शब्द त्याने पूर्ण केले, पण मध्येच तीळ बोटांतून ओघळले. तो ओक्साबोक्शी रडला नाही. चेहरा तसाच ठेवून रडला. पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आले आणि नदीत पडले. घाटावर शे-दीडशे माणसे होती. एक खोकला ऐकू आला नाही.

“कट,” शाल्मलीबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचे डोळे पुसले. मग टाळ्या सुरू झाल्या. सदाशिव जगदाळेही दिव्याचा खांब सोडून टाळ्या वाजवत होते.

संवादांची वही सांभाळणारी सहायक पुढे आली. “मॅडम, नाव चुकलंय. हरिनाथ हवं होतं. हा अच्युत म्हणाला.”

शाल्मलीबाई माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सांगा. मंत्र चुकला का? म्हणजे उच्चारात, विधीत काही दोष आहे? असेल तर पुन्हा घेऊ.”

मी वर पाहिले. दोरखंडापलीकडे लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यात अच्युत डबा छातीशी धरून उभा होता. ‘पुन्हा घ्या,’ एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. जिवंत माणसाचे नाव आहे, हे त्या साऱ्या घाटावर आम्हा तिघांनाच ठाऊक होते. आणि तिघांपैकी बोलण्याचा अधिकार त्या क्षणी माझ्याकडे चालून आला होता.

“उच्चार निर्दोष आहे,” मी म्हणालो.

“मग बापाचं नाव अच्युतच ठेवू. अजून कुठल्याच दृश्यात ते आलेलं नाही.” त्यांनी वहीत नोंद करवून घेतली आणि मंडळी कॅमेरा उचलू लागली.

मी पायऱ्या चढून वर गेलो. अच्युत जागचा हलला नव्हता.

“मिशीसुद्धा काढली त्यानं,” तो म्हणाला.

“अच्युत, ती भूमिका आहे. त्याला तू इथं आहेस हे माहीतसुद्धा नाही. चल खाली.”

“टोके, बरोबर म्हणाला ना तो?”

“अरे, ते नाटक—”

“मी काय विचारतोय? मंत्र. तुझ्या शास्त्राप्रमाणे. बरोबर म्हणाला का?”

त्याच्याशी त्या घटकेला खोटे बोलणे मला जमले नाही. “बरोबर म्हणाला.”

“गोत्र त्याला कोणी सांगितलं?”

मी नदीकडे पाहिले.

“मग मला पोचलं,” अच्युत म्हणाला. रागाने नाही, गाडी लागली आहे असे प्रवाशाला सांगावे, तसे म्हणाला. त्याने डबा माझ्या हातात दिला. “हा तिथल्या लोकांत वाट. आता मला त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत.” आणि तो गर्दीतून वाट काढत रस्त्याकडे गेला. मी त्याचा हात धरला नाही. तसा शब्द दिलेला होता.

थोड्या वेळाने मिहिर अंग पुसत वर आला. मुलासारखा उजळला होता. “सर, जमलं! बघितलंत ना?” म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याची नजर डब्यावर होती. झाकणावर शालनवहिनींचे नाव कोरलेले होते.

“हा डबा आमचा आहे.”

“हो.”

“बाबा आले होते?”

“सकाळपासून होते.”

तो पायरीवर बसला. “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं.”

“ते सोडा. कट झाल्यावर शाल्मलीताईंनी तुम्हाला विचारलं. चुकलं, एवढं म्हणाला असतात, तर मी हरिनाथ म्हणून शंभर वेळा केलं असतं. का नाही म्हणालात?”

खरे तेच माझ्या तोंडून गेले. “फार चांगलं झालं होतं रे.”

मिहिर माझ्याकडे पाहत राहिला. मग मान हलवून हसला. त्या हसण्यात हसू नव्हते. “पुण्यालाही तुम्ही हेच केलंत, सर.”

“पुण्याला?”

“तुम्ही माडीवर कार्यक्रमाला आला होतात. आमच्यात नवा मजकूर आधी चाळीस-पन्नास खुर्च्यांपुढं करून बघतात. लोक हसले तर ठेवायचा, नाही हसले तर फाडून टाकायचा. आईचा तो तुकडा मी त्या दिवशी पहिल्यांदा करून बघत होतो. आदल्या रात्री दोनदा खोडला होता. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलेले दिसलात आणि मी मनाशी ठरवलं, बाबांचे मित्र आहेत, आईच्या हातचं जेवलेत, सर गप्प बसले तर हा कायमचा टाकायचा.” त्याने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवले. “तुम्ही रुमालानं डोळे पुसत होतात, सर. हसून हसून.”

ते खरे होते. इतके नेमके, इतके हुबेहूब त्याने केले होते, की ती गाडी कोणाची, हे मी त्या घटकेला विसरलो होतो. आणि परत येऊन अच्युतला मी दुसरेच सांगितले होते.

चित्रपट निघाला. त्याची वाहवा झाली. घाटावरच्या त्या दृश्याविषयी जाणकारांनी लेख लिहिले, आणि मिहिर नेवासकर हे नाव आता हसवणाऱ्यांच्या यादीतून काढून मोठ्या नटांच्या यादीत घातले गेले. श्रेयनामावलीत माझेही नाव होते. अच्युत तो पाहायला गेला नाही. मिहिर दोनदा वाईला आला. बापलेक एका खोलीत बसले, चहा प्याले, हवापाण्याचे बोलले. अच्युत त्याच्याशी पाहुण्याशी वागावे इतक्या सौजन्याने वागे. त्याहून त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

साडेतीन वर्षांनी अच्युतचे हृदय थकले. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसून असे. एका दुपारी तो म्हणाला, “टोके, पाणी तू द्यायचंस.”

“आत्ता देऊ?”

“आत्ता नाही. नंतर. त्याला बसवू नकोस. त्याचं देऊन झालंय.”

मी म्हणालो, “असं करता येत नाही, अच्युत. पुत्र असताना मित्राला अधिकार पोचत नाही. शास्त्र—”

“शास्त्र मला सांगू नकोस,” तो म्हणाला. त्या क्षीण आवाजातही एकही अक्षर सांडले नाही. “त्या दिवशी घाटावर तुला ते आठवलं नाही.”

मी मान डोलावली. त्याने ती होकार म्हणून घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

दहाव्याला आम्ही वाईच्या घाटावर जमलो. मिहिर पुन्हा मुंडन करून आला होता. पुरोहितांनी दर्भ मांडले आणि विचारले, “कोण बसणार?” मिहिरने माझ्याकडे पाहिले. बापाचे शेवटचे दिवस मी पाहिले होते, तेव्हा काही सांगून ठेवले असेल तर ते मलाच, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. आणि मी, ज्याने मित्राला मान डोलावून दाखवली होती, तो म्हणालो, “मुलगा आहे. तोच बसेल.”

तो बसला. गोत्र, नाव, सारे त्याने बिनचूक उच्चारले. पुरोहितही क्षणभर थांबून ऐकत राहिले. पण त्याचा चेहरा कोरा होता. अंजली देऊन झाल्यावर पुरोहित पुढच्या तयारीला वळले, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, “सर, काहीच होत नाहीये.”

“व्हायलाच पाहिजे असं नाही. विधी झाला.”

“तसं नाही. त्या चित्रपटापासून कुठंही रडायचं असलं, की मी मनात हेच नाव घेतो. भारद्वाजगोत्र अच्युत. की लगेच पाणी. सहा चित्रपट झाले. एकदा तर विम्याच्या जाहिरातीत घेतलं. आता घेतलं, तर समोर दिवे दिसतात. कोणीतरी ‘कट’ म्हणेल म्हणून वाट बघतोय.”

मी त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला. नदी संथ होती. दर्भाच्या दोन काड्या पायरीला अडकून फिरत होत्या.

“शेवटी बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का?”

मी आवाज सावरला. “म्हणाला ना. मिहिरच्याच हातचं पाणी हवं, असं म्हणाला. दोनदा म्हणाला.”

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले, जसे मी कधी काळी त्याच्या वहीकडे पाहत असे.

“सर,” तो म्हणाला, “तुम्हाला अभिनय येत नाही.”

आणि धोतराचा सोगा पिळून तो एकटाच पायऱ्या चढून गेला.